जुन्या पायथॉनवरही चालणारा प्रोग्राम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरच्या आडत बाजारातील काही दुकानांचे सौदे, हमाली-तोलाई आणि शेतकऱ्याला द्यावयाची पट्टी (विक्रीच्या हिशोबाचा कागद) ज्या प्रोग्रामवर निघते, तो पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम आम्ही गेली काही वर्षे सांभाळत आहोत. दुकानांतील संगणक निरनिराळ्या काळात घेतलेले आहेत आणि त्यांवरील पायथॉनही निरनिराळ्या काळातला आहे. नांदेड, परभणी, बीड येथील विद्यार्थी आणि नव्याने कामाला लागलेले प्रोग्रामर आम्हाला वरचेवर जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरणे आमच्या कामातील असल्याने ती सोयाबीन आणि तुरीची आहेत, परंतु मुद्दे कोणत्याही प्रोग्रामला लागू पडतील.

प्रोग्राम जुन्या आवृत्तीवर चालतो, असे केव्हा म्हणावे?

तो त्या आवृत्तीवर सुरू झाला, एवढ्याने तसे म्हणता येत नाही. सुरू होणारा प्रोग्राम चुकीचे उत्तर देऊ शकतो, आणि बंद पडणाऱ्या प्रोग्रामपेक्षा असा प्रोग्राम जास्त घातक असतो, कारण बंद पडलेला प्रोग्राम निदान लगेच लक्षात येतो. त्याच माहितीवर नव्या आणि जुन्या आवृत्तीवर पैशापैशापर्यंत तेच उत्तर आले, छापलेल्या कागदावर तीच अक्षरे उमटली आणि एका ठिकाणी साठवलेली फाईल दुसऱ्या ठिकाणी उघडली, तरच तसे म्हणावे.

सगळ्यांनाच नवी आवृत्ती बसवायला सांगितले, तर हा खटाटोपच उरणार नाही. तसे का करत नाही?

कारण अडथळा बहुतेक वेळा पायथॉनचा नसतो, त्याखालच्या विंडोजचा असतो. पायथॉन 3.4 ही विंडोज एक्सपीवर चालणारी शेवटची मालिका होती आणि 3.8 ही विंडोज 7 वर चालणारी शेवटची, 3.9 साठी किमान विंडोज 8.1 लागते. मायक्रोसॉफ्टने विंडोज 7 चा नेहमीचा आधार 14 जानेवारी 2020 रोजी थांबवला, हे दुकानदाराला सांगून उपयोग नसतो. त्याच्या वजनकाट्याला जोडलेले जुने कार्ड आणि पट्टी छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर त्याच संगणकावर सुरळीत चालू असतात, आणि नव्या विंडोजवर त्यांचे ड्रायव्हर मिळतीलच याची हमी आम्हीही देऊ शकत नाही.

दुसरे कारण हंगामाचे आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची आवक वाढली की दुकानात पाय ठेवायला जागा नसते, आणि त्या दिवसांत संगणकाला हात लावू देणारा आडत्या आम्हाला अजून भेटलेला नाही. त्याचे बरोबरच आहे.

मग किती मागे जायचे, हे कसे ठरवावे?

अंदाजाने ठरवू नये, मोजावे. प्रोग्राम सुरू होताना पायथॉनची आवृत्ती, विंडोजची आवृत्ती आणि यंत्र 32 बिटचे आहे की 64 बिटचे, एवढ्या तीन गोष्टी त्याने लॉग फाईलमध्ये लिहाव्यात, अशी सोय आम्ही सुरुवातीलाच केली असती तर बरे झाले असते. ती नसल्याने आम्हाला वही घेऊन दुकानोदुकानी फिरावे लागले. वापरात नसलेल्या आवृत्तीसाठी कोड वाकवत राहणे आणि वापरात असलेली आवृत्ती नजरेतून सुटणे, या दोन्ही चुका त्या फेरीत आमच्या लक्षात आल्या.

पायथॉनचे स्वतःचे वेळापत्रकही पाहावे. 3.9 पासून दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास एक नवी मालिका येते आणि प्रत्येक मालिकेला साधारण पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. त्या हिशोबाने 3.8 चा काळ ऑक्टोबर 2024 मध्ये संपला. तरीही विंडोज 7 वरच्या दुकानांसाठी आम्ही तळाची मर्यादा 3.8 अशीच ठेवली आहे. ज्यांच्याकडे तशी यंत्रे नाहीत, त्यांनी आमचे अनुकरण करून हे ओझे डोक्यावर घेऊ नये.

एक बारकावा लक्षात ठेवावा. विंडोजसाठी तयार इन्स्टॉलर असलेली 3.8 मालिकेतील शेवटची आवृत्ती 3.8.10 आहे. तिच्यापुढच्या आवृत्त्या केवळ सोर्स कोडच्या रूपात निघाल्या. विंडोज 7 वर सर्व्हिस पॅक 1 नसेल, तर हा इन्स्टॉलर पुढे सरकत नाही.

पायथॉन 2 मध्ये लिहिलेला जुना प्रोग्राम हाती आला आहे. तो पायथॉन 3 वर नेताना कोठे जपावे?

पायथॉन 3.0 डिसेंबर 2008 मध्ये आले आणि त्याने जुन्याशी नाते जाणूनबुजून तोडले. स्थलांतराला वेळ लागतो आहे हे पाहून 2.7 ची मुदत 2015 वरून 2020 पर्यंत वाढवण्यात आली आणि 2.7.18 ही शेवटची आवृत्ती एप्रिल 2020 मध्ये निघाली. इतक्या वर्षांनंतरही महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून आणि लहान दुकानांतून 2.7 वरचे प्रोग्राम निघतात. छापण्याच्या आज्ञेला कंस लागणे हा बदल सर्वांना ठाऊक असतो आणि तो चुकला तर प्रोग्राम लगेच ओरडतो. ज्यांवर प्रोग्राम ओरडत नाही, अशा तीन बदलांकडे मात्र बारकाईने पाहावे.

पहिला भागाकाराचा. पायथॉन 2 मध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की अपूर्णांक गळून पडत असे. काट्यावर 1045 किलो वजन आले आणि क्विंटल काढण्यासाठी त्याला 100 ने भागले, तर पायथॉन 3 चे उत्तर 10.45 येते आणि पायथॉन 2 चे 10. भाव 4300 रुपये क्विंटल धरला, तर एका जागी 44,935 रुपये होतात आणि दुसऱ्या जागी 43,000. म्हणजे शेतकऱ्याचे 1,935 रुपये कोणी हात न लावता गेले. पायथॉन 3 वर लिहून तपासलेला एक छोटा भाग घाईत जुन्या यंत्रावर उतरवल्यामुळे नेमकी अशीच चूक आमच्याकडून झाली होती. ती आम्हाला सापडली नाही. पट्टी हातात घेऊन बोटांवर हिशोब करणाऱ्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला सापडली. जुन्या फाईलच्या सुरुवातीला फ्यूचर या मोड्यूलमधून (मोड्यूल म्हणजे तयार कोडची फाईल) डिव्हिजन आयात करण्याची ओळ घातली असती, तर पायथॉन 2 नेही नव्या पद्धतीनेच भागले असते.

दुसरा बदल राऊंड या फंक्शनचा आहे, आणि तो रुपया-दोन रुपयांचा असल्याने वर्षानुवर्षे दडून राहू शकतो. पाच कट्ट्यांची (पोत्यांची) हमाली साडेआठ रुपयांप्रमाणे 42.50 होते. पायथॉन 2 ते 43 करत असे, पायथॉन 3 ते 42 करते, कारण नेमका अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे वळावे हा नियम तेथे स्वीकारला आहे. 43.50 चे मात्र दोन्हीकडे 44 च होतात, त्यामुळे दोन-चार नमुने तपासून समाधान मानणाऱ्याला हा फरक दिसतही नाही. पैशांच्या हिशोबात फ्लोट (अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार) वापरूच नये. डेसिमल मोड्यूल घ्यावे आणि अर्धा आल्यास वर न्यायचा की खाली, हे स्वतः लिहून द्यावे. म्हणजे भाषेने उद्या नियम बदलला तरी आपली पट्टी बदलत नाही.

तिसरा बदल देवनागरीचा आहे, आणि मराठीत काम करणाऱ्याला तो सर्वांत जास्त छळतो. पायथॉन 2 मधील साधी स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) ही बाइटची माळ होती. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे ‘लातूर’ची लांबी तेथे 15 भरते आणि पायथॉन 3 मध्ये 5. आमच्या जुन्या पट्टीत गावाच्या नावाला 20 जागांचा रकाना होता. ‘औसा’ 9 बाइटचे आणि ‘निलंगा’ 18 बाइटचे असल्याने दोन्ही नावे नीट छापली जात. ‘अहमदपूर’ मात्र 21 बाइटचे. विसाव्या बाइटवर कापले की शेवटचा ‘र’ एक बाइटने अपुरा राही आणि त्याच्या जागी कचरा उमटे. अहमदपूरकडचे शेतकरी ‘आमच्याच गावाला काय झाले’ असे विचारत, आणि ते विचारणे रास्तच होते. पायथॉन 3 मध्ये हा प्रश्न बराच सुटतो, पूर्ण सुटत नाही, कारण डोळ्यांना ‘लातूर’ची तीन अक्षरे दिसतात आणि संगणक काना व उकार वेगळे धरून पाच मोजतो. रकाने जुळवताना याची आठवण ठेवावी.

फाईल उघडताना एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) नेहमी स्पष्ट लिहावे, ही सूचनाही येथेच देतो. ते न लिहिल्यास 3.8 सारख्या आवृत्त्या विंडोजवर यंत्राची स्थानिक मांडणी धरून चालतात, आणि लिनक्सवर उत्तम चाललेला प्रोग्राम दुकानात पहिल्याच मराठी नावाला अडखळतो.

पायथॉन 2 आणि 3 या दोन्हींवर चालणारा एकच कोड लिहावा का?

आज लिहू नये. एकेकाळी तसे करणे आवश्यक होते, त्यासाठी सिक्स नावाची लायब्ररी सर्रास वापरली जाई, आणि दोन गुणिले तीन बरोबर सहा यावरून तिला ते नाव पडले. आता मात्र एकदाच काय ते नीट स्थलांतर करून पायथॉन 2 चा निरोप घ्यावा. जुना कोड आपोआप बदलून देणारे टू-टू-थ्री हे साधनही पायथॉन 3.13 मधून काढून टाकले आहे, त्यामुळे ते वापरायचे असल्यास आधीची आवृत्ती हाताशी ठेवावी लागेल.

3.8 पुरते मर्यादित राहिले तर काय गमवावे लागते?

वाटते तितके नाही. स्ट्रिंगमध्येच चल गुंफण्याची एफ-स्ट्रिंगची सोय 3.6 पासून आहे आणि घातलेल्या क्रमाने डिक्शनरी (नाव आणि मूल्य यांच्या जोड्यांचा संच) राहण्याची हमी 3.7 पासून आहे. दोन डिक्शनरी उभ्या रेघेने जोडणे आणि स्ट्रिंगच्या सुरुवातीचा ठरावीक भाग काढणारे रिमूव्हप्रीफिक्स या 3.9 च्या गोष्टी. त्यांच्यासाठी दोन ओळी जास्त लिहाव्या लागतात, इतकेच. अनेक पर्यायांतून एक निवडणारी मॅच-केसची रचना 3.10 मध्ये आली. तिच्यासाठी हळहळणारे तरुण सहकारी आमच्याकडे आहेत, परंतु इफ-एल्सने आजवर कोणाची पट्टी अडलेली नाही.

‘आवृत्ती नवी असेल तरच ही रचना वापर’ अशी अट घातली, तरी जुन्या यंत्रावर सिंटॅक्स एरर (व्याकरणाची चूक) येते. असे का?

कारण पायथॉन संपूर्ण फाईल आधी वाचून तिचे रूपांतर करतो आणि मगच तिची पहिली ओळ चालवतो. फाईलच्या शंभराव्या ओळीवर मॅच-केस असेल, तर 3.8 ला ती वाचताच येत नाही आणि पहिल्या ओळीवरची आपली अट तपासण्याची वेळच येत नाही. नवे फंक्शन किंवा मोड्यूल वापरायचे असेल तर अट चालते, कारण नाव शोधण्याचे काम ओळ चालताना होते. नवे व्याकरण वापरायचे असेल तर ते वेगळ्या फाईलमध्ये ठेवून ती फाईल अटीनंतर आयात करावी लागते. आमचा सल्ला असा, की तळाच्या आवृत्तीत नसलेले व्याकरण वापरूच नये.

मोड्यूल नसण्याची शक्यता असेल तर आवृत्ती विचारण्यापेक्षा मोड्यूलच मागून पाहावे. उदाहरणार्थ, सेटिंग लिहून ठेवण्याची टॉम्ल फाईल वाचणारे टॉम्ललिब 3.11 पासून पायथॉनसोबत येते. ते आयात करण्याचा प्रयत्न करावा, इम्पोर्ट एरर आली तर त्याऐवजी टॉमली ही बाहेरची लायब्ररी घ्यावी, आणि हा सगळा प्रकार एकाच फाईलमध्ये कोंडून ठेवावा. अशा पर्यायांचे तुकडे पन्नास फायलींत विखुरले, की पुढे ते काढणाऱ्याचे हाल होतात.

आमच्या प्रोग्रामला 3.10 ही आवृत्ती 3.9 पेक्षा जुनी वाटते. हे कसे?

आवृत्तीची तुलना अक्षरांच्या रूपात केली असणार. अक्षरक्रमाने पाहिले तर ‘3.10’ मधील 1 हा ‘3.9’ मधील 9 च्या आधी येतो. काही जण आवृत्तीच्या मजकुरातील पहिली तीन अक्षरे तोडून घेतात, त्यांना 3.10 च्या जागी 3.1 मिळते. सिस मोड्यूलमधील व्हर्जन इन्फो संख्या देते. तिची संख्यांच्या जोडीशी तुलना करावी.

बाहेरच्या लायब्ररींचे काय करावे?

आपला कोड जुन्या आवृत्तीवर चालतो, पण ज्या लायब्ररीवर तो उभा आहे तिने जुनी आवृत्ती केव्हाच सोडलेली असते, हा नेहमीचा अनुभव आहे. पॅकेजच्या माहितीत पायथॉन रिक्वायर्स ही नोंद नीट असेल, तर पिप (लायब्ररी बसवणारा प्रोग्राम) आपल्या पायथॉनवर चालणारी त्या लायब्ररीची जुनी आवृत्ती स्वतः निवडतो. आपणही आपल्या पॅकेजमध्ये ही नोंद न चुकता करावी. चालणाऱ्या आवृत्त्यांचे आकडे रिक्वायरमेंट्स फाईलमध्ये पक्के लिहावेत.

तालुक्याच्या गावी इंटरनेट आणि वीज यांची वेळ जमेलच असे नाही. म्हणून आम्ही लागणाऱ्या सर्व व्हील फायली (बसवायला तयार लायब्ररी) आधीच उतरवून पेन ड्राईव्हवर नेतो. पिपच्या डाऊनलोड आज्ञेला कोणत्या पायथॉनसाठी आणि कोणत्या यंत्रासाठी फायली हव्यात हे सांगता येते. ते न सांगता घरच्या 64 बिट लॅपटॉपवर उतरवलेल्या फायली औशाच्या 32 बिट यंत्रावर नेल्या, तर एक फेरी फुकट जाते.

उलट बाजूने विचारतो: जुना, नीट चालणारा प्रोग्राम नव्या पायथॉनवर का मोडतो?

कारण भाषा जुन्या गोष्टी काढूनही टाकते. पायथॉनचे धोरण असे आहे, की एखादी गोष्ट काढण्याआधी साधारणपणे किमान दोन आवृत्त्या तिच्याबद्दल इशारा द्यावा. एसिंक हा शब्द 3.7 मध्ये राखीव झाला आणि त्या नावाचे पॅरामीटर असलेल्या लायब्ररी मोडल्या. वेळ मोजणारे टाइम मोड्यूलमधील क्लॉक 3.8 मध्ये गेले, डिस्टयूटिल्स 3.12 मध्ये गेले, आणि सीजीआय व टेलनेटलिबसह जुन्या मोड्यूलची एक मोठी रांग 3.13 मध्ये गेली.

इशारे मिळत असतात, पण आपण ते पाहत नाही, कारण आयात केलेल्या मोड्यूलमधील डेप्रिकेशनचे इशारे पायथॉन एरवी दाखवतच नाही. चाचण्या चालवताना डॅश डब्ल्यू एरर हा पर्याय द्यावा, म्हणजे प्रत्येक इशारा चूक म्हणून समोर उभा राहतो. पहिल्या दिवशी छाती दडपते, पण दुरुस्त्या बहुधा एकेका ओळीच्या असतात.

चाचणी कशी घ्यावी?

टॉक्स या साधनाने त्याच चाचण्या अनेक आवृत्त्यांवर एका आज्ञेत चालतात. निदान तळाची आणि सर्वांत नवी, या दोन आवृत्त्यांवर प्रत्येक बदलानंतर त्या चालवाव्यात. मधल्या आवृत्त्यांवर प्रोग्राम देण्यापूर्वी चालवल्या तरी चालते. व्हर्मिन नावाचे साधन कोड वाचून त्याला किमान कोणती आवृत्ती लागेल हे सांगते. ते चटकन होते, पण प्रत्यक्ष चालवून पाहण्याची जागा ते घेऊ शकत नाही.

आमचा सर्वांत जास्त भरवसा मात्र जुन्या पट्ट्यांवर आहे. नाव-गाव काढून टाकलेल्या खऱ्या पट्ट्यांची माहिती आम्ही साठवून ठेवली आहे. प्रत्येक आवृत्तीवर त्या पुन्हा काढतो आणि छापील आकड्यांशी ताडून पाहतो. त्यांत 42.50 ची हमाली आहे, 1045 किलोचे वजन आहे आणि अहमदपूरही आहे.

पायथॉनसकट एक्झी फाईल करून दिली, तर आवृत्तीचा प्रश्न मिटेल का?

अर्धा मिटेल. पायइन्स्टॉलर आपल्या प्रोग्रामसोबत पायथॉनही बांधून देतो, त्यामुळे दुकानात कोणते पायथॉन आहे याला महत्त्व उरत नाही. परंतु 3.12 बांधून केलेली एक्झी विंडोज 7 वर चालणार नाही, 64 बिटवर केलेली 32 बिटवर चालणार नाही, आणि लिनक्सवर बसून विंडोजची एक्झी करता येत नाही. ती तळाच्या आवृत्तीवर, तशाच जुन्या यंत्रावर बांधावी.

साठवलेल्या फायलींबाबत काही काळजी घ्यावी लागते का?

लागते. पिकल या पायथॉनच्या स्वतःच्या साठवणुकीच्या पद्धतीत हिशोब साठवू नये. त्याचे प्रोटोकॉल वाढत गेले आहेत, पायथॉन 2 ला दुसऱ्या प्रोटोकॉलपर्यंतच वाचता येते आणि पाचवा प्रोटोकॉल 3.8 च्या आधी वाचता येत नाही. एस्क्यूलाइट हा एका फाईलमधला डेटाबेस चांगला, कारण त्याची फाईल वर्षानुवर्षे उघडते. तरी त्यातही 2021 मध्ये आलेल्या एस्क्यूलाइटच्या 3.37 या आवृत्तीतील स्ट्रिक्ट टेबल वापरले, तर पायथॉन 3.8.10 सोबत येणाऱ्या जुन्या एस्क्यूलाइटला ती फाईल वाचता येत नाही. भाषेची आवृत्ती जुळली म्हणून सगळे जुळले, असे गृहीत धरू नये.

इतर भाषांत हेच नियम लागू होतात का?

मुद्दा तोच, तपशील निराळे. जावामध्ये नव्या कंपायलरने केलेली क्लास फाईल जुन्या जावावर चालत नाही. जावा 9 पासून कंपायलरला रिलीज हा पर्याय देऊन जुन्या आवृत्तीसाठी बांधता येते. पीएचपी 7 मध्ये डेटाबेसशी बोलणारी मायएसक्यूएल नावाची जुनी फंक्शने काढून टाकली गेली. सर्व्हर बदलताच एखाद्या संस्थेचे संकेतस्थळ कोरे दिसू लागले, तर आधी तेथे पाहावे. गो भाषेने 2012 मध्ये पहिल्या आवृत्तीसोबतच जुना कोड चालू ठेवण्याचे वचन दिले. रस्टने एडिशनची पद्धत आणली, ज्यात एकाच प्रकल्पात जुन्या आणि नव्या एडिशनचे भाग सुखाने नांदतात.

दुरुस्त्या बंद झालेल्या आवृत्तीवर हिशोब चालवणे सुरक्षित आहे का?

इंटरनेटला जोडलेल्या यंत्रावर नाही, आणि हे आम्ही दुकानदारांना लेखी कळवतो. विंडोज 7 ची यंत्रे आम्ही इंटरनेटपासून तोडून केवळ वजन आणि पट्टीपुरती ठेवतो. ई-मेल, बँक आणि जीएसटीचे काम दुसऱ्या यंत्रावर करावे, असा आग्रह धरतो. रोजची नक्कल दोन पेन ड्राईव्हवर आलटून पालटून घेतली जाते. ही तडजोड आहे.

जुन्या आवृत्तीचा आधार केव्हा आणि कसा काढावा?

तारीख आधी जाहीर करावी आणि ती हंगाम पाहून ठरवावी. सोयाबीनची गर्दी सरते न सरते तोच जानेवारी-फेब्रुवारीत तूर येते, त्यामुळे आमच्याकडे मे महिना त्यातल्या त्यात मोकळा असतो. पेरणीच्या धांदलीआधी हे काम उरकावे लागते. त्याच्या आधीच्या दिवाळीपासून जुन्या यंत्रांवर प्रोग्राम सुरू होताना मराठीत, तारखेसह एक सूचना दिसते. ‘आपली आवृत्ती कालबाह्य झाली आहे’ असे आम्ही पूर्वी लिहीत होतो, त्याने कोणी जागचे हलले नाही. आता ‘31 मे नंतर या संगणकावर नव्या दुरुस्त्या मिळणार नाहीत, पट्टी पूर्वीप्रमाणेच निघत राहील’ असे लिहितो, आणि फोन येऊ लागले आहेत.

आधार काढल्यावर आवृत्तीचा मोठा आकडा वाढवावा, जुन्या यंत्रावर चालणारी शेवटची आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये इन्स्टॉलरसह जपून ठेवावी, आणि जुन्यासाठी घातलेले सगळे पर्यायी तुकडे त्याच आठवड्यात कोडमधून काढावेत. आमच्याकडे विंडोज एक्सपीसाठी घातलेला असा एक तुकडा शेवटचे एक्सपी यंत्र भंगारात गेल्यानंतरही चार वर्षे कोडमध्ये तसाच होता. तो का आहे हे कोणालाच आठवत नसल्याने त्याला हात लावायला कोणी धजावत नव्हते. आता अशा प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर आम्ही टिप्पणीत तीन गोष्टी लिहितो: कोणत्या आवृत्तीसाठी, कोणत्या दुकानासाठी, आणि केव्हा काढायचा.